धाकटीला काय म्हणायचं

कारखान्याच्या ऑफिसातल्या बाईंनी वेल्डरला काम थांबवून बोलावून घेतलं. त्याला जुळ्या मुली होऊन महिना होत आला होता. मोठी आजीपाशी घरी होती. धाकटी अजून दवाखान्यात, काचेच्या पेटीत.

"मोठीचं नाव विम्यात चढलं," बाई म्हणाल्या. "धाकटीचं चढत नाहीये. दोघींची जन्मतारीख एक आणि नावाच्या जागी नुसतं 'बाळ'. कॉम्प्युटरला वाटतंय, एकच मुलगी दोनदा लिहिलीये. हिला नाव द्या. आज शेवटचा दिवस, नंतर वर्षभर घेणार नाहीत."

"नाव ठेवलं नाहीये."

"मग ठेवा की." बाई हसल्या, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

पहिल्या खेपेला बायकोने आधीच नाव ठरवलं होतं, टोपड्यावर विणलंही होतं. ते मूल हाती लागलं नाही. या वेळी तिने निक्षून सांगितलं होतं, दोघी घरी येईपर्यंत नावाचा विषय कुणी काढायचा नाही.

सुचेल ते लिहून टाकावं, तिला कुठे कळणार आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण जीभ रेटेना. त्याने फोन लावला. ती दवाखान्यातच बसलेली होती.

सगळं ऐकून ती म्हणाली, "आत्ताच कसं? अजून नळ्यासुद्धा काढल्या नाहीत."

"आज नाही दिलं तर ती विम्यात नाही. पुढच्या उपचारांना पैसे कुठून आणणार?"

पलीकडून नुसता मशीनचा आवाज येत राहिला. बाई उगाच टेबलावरचे कागद सारखे करत बसल्या.

"इथली नर्स तिला चिमी म्हणते," बायको शेवटी म्हणाली. "तेच लिही."

बाईंनी ते टाइप केलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग नाव चढलं.

पाळी संपताच तो दवाखान्यात गेला. नळ्या तशाच होत्या. डॉक्टर म्हणाले, "एक नळी उद्या काढून बघू," आणि शेजारच्या पेटीकडे वळले. बायको पेटीच्या गोल झरोक्याशी वाकली होती.

"चिमे," ती हळूच म्हणत होती. "ए चिमे, बाबा आलाय बघ."

तो हात धुवायला गेला. साबण धुऊन गेला तरी तो नळाखाली हात धरून उभाच राहिला.