डाव्या मनगटाचं बटण

वीज गेली म्हणून टेलरबाई भरदुपारीच दुकान बंद करून घरी आल्या आणि दार उघडून बघतात तर काय, नवरा आरशासमोर उभा! अंगात बाईंनी आपल्या भावासाठी शिवलेला नवा शर्ट, तोही पार गळ्यापर्यंत बटणं लावून.

"अगंबाई!" बाई दारातच थबकल्या. "अहो, हे तुम्ही लावलंत? एका हाताने?"

नवरा, म्हणजे गल्लीचे टेलरमास्तर, दचकले. उजवा हात पोटाशी मुडपून ते झटकन खाटेवर बसले. "कंटाळा आला गं त्या टिचबटणांचा. म्हटलं, जरा अंगावर चढवून बघू. लावली कशीतरी डाव्या हाताने."

बाईंचे डोळेच भरून आले. नव्या शर्टाची काजं किती घट्ट असतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुकान खरं तर मास्तरांचं. ते कापड बेतायचे, कापायचे. बाई मशीन चालवायच्या. एका सकाळी मास्तरांच्या हातातून कात्री गळून पडली आणि उजवं अंग लुळं झालं. डॉक्टर म्हणाले, "पाय सुधारेल. हाताचं काही सांगता येत नाही." बाईंनी तेवढंच घट्ट धरून ठेवलं. सांगता येत नाही म्हणजे येऊही शकतो की!

पाय सुधारला. हात काही येईना. रोज सकाळी कोमट तेल घेऊन बाई एकेक बोट चोळायच्या आणि "आज जरा ऊब वाटतेय हं," असं स्वतःलाच सांगायच्या. शेजारीण म्हणायची, "कशाला उगाच जीव आटवताय?" त्यावर बाई हसून म्हणायच्या, "देवाला घाई नाही, मग मला कशाला हवी?" चार जणांत मास्तरांना लाज वाटू नये म्हणून त्यांच्या सगळ्या शर्टांना वरून शोभेची बटणं आणि आतून टिचबटणं लावली होती. कापड कापायला बाई स्वतःच शिकल्या, पण मास्तरांच्या मोठ्या कात्रीला कधी हात लावला नाही. ती घरात खिळ्याला टांगलेली असे. मास्तर पुन्हा कामाला लागतील तेव्हा गंजलेली नको, म्हणून तिलाही तेलाचा हात फिरायचा.

मधल्या काळात बाईंची आई अंथरुणाला खिळली. भावाचा फोन आला, "ताई, निघ. ती तुझीच वाट बघतेय." बाई म्हणाल्या, "यांना एकट्याला कसं सोडू रे? जरा सावरू दे, येतेच." आई वाट बघता बघता गेली. तेव्हापासून भाऊ तुटक बोलायचा. तोंडाने माफी मागणं बाईंना जमेना, म्हणून हा शर्ट शिवायला घेतला होता.

"बघू बरं, बघू बरं!" बाई पिशवी टाकून मास्तरांपुढे बसल्या. कॉलर नीट केली, खांदा चापला. "डावा एवढा तयार झालाय, मग उजवाही येणार. बघाच तुम्ही. मी म्हणत नव्हते?" बोलता बोलता त्यांनी बाहीवरून हात फिरवत खाली आणला आणि डाव्या मनगटापाशी त्या थांबल्या. कफचं बटण लावलेलं होतं.

"आणि हे?"

"ते... ते आधीच लावून ठेवलं. मग हात घातला."

"भावाचं मनगट काडीसारखं. मापच तेवढं घेतलंय. त्यातून तुमचा पंजा गेला?"

मास्तरांनी जन्मभर लोकांचे शर्ट शिवले, आणि खोटं बोलायच्या वेळी नेमका कफ विसरले. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर बाई पोट धरून हसल्या असत्या.

"काढा ते बटण."

मास्तरांचा उजवा हात पोटावरून उठला. बोटं मनगटाशी आली. अंगठ्याने बटण आडवं केलं आणि काजातून अलगद सोडवलं. हे एकदा दिसावं म्हणून बाईंनी किती विनवण्या केल्या होत्या देवाला. आता समोर घडत होतं आणि बघवत नव्हतं.

"कधीपासून?"

"हळूहळू येत गेला गं. रोज म्हणायचो, उद्या सांगू."

"मग?"

"दुकानात आता गिऱ्हाईक तुझंच नाव घेतं. मी येऊन काय करणार होतो, काजं करत बसू? आणि... आजारी होतो तोवर तू रोज जवळ बसायचीस."

"मला सांगितलं असतंत तर गल्लीभर पेढे वाटले असते मी." मग बाईंनी अगदी हळू विचारलं, "आई गेली तेव्हा हात चालत होता?"

मास्तर खाली बघत राहिले. नुसतं "नाही" म्हणाले असते, तरी बाईंनी विश्वास ठेवला असता. विश्वास ठेवणं तेवढं एकच त्यांना चांगलं जमत होतं.

"मी फोन ठेवून रडत होते, आणि तुम्ही माझी पाठ थोपटत होतात," बाई म्हणाल्या. "डाव्या हाताने!"

मास्तरांनी शर्ट काढून दिला. बाईंनी तो घडी घालून पिशवीत ठेवला, वर आपले दोन कपडे ठेवले. खिळ्यावरची मोठी कात्री काढली आणि दुकानाच्या किल्लीबरोबर खाटेवर ठेवली.

"वीज आली की दुकान उघडा. कापड टेबलावर आहे, खडूच्या खुणा करून ठेवल्यात."

"कुठे निघालीस?"

"भावाकडे. शर्ट द्यायचाय. आईची खोली बघायचीय."

"परत कधी येशील?"

"सांगता येत नाही."

पिशवी जड झाली होती. दाराशी बाईंनी ती खाली ठेवून पदर सारखा केला, तेवढ्यात मास्तर लगबगीने उठून आले. "दे, मी खालपर्यंत घेतो," म्हणत त्यांनी हात पुढे केला. उजवा.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरू लागल्या. मास्तरांचा हात दारात तसाच पुढे राहिला, सरळ, जराही न थरथरता.