वालाची गोणी आणि टॉवरची सावली

मी एक जुनी गोणी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला बघून नाक मुरडायचं नाही! तागाची आहे मी, अस्सल. साखर भरून उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात आले, तिथे रिकामी झाले आणि सोनिवलीच्या हिंदुरावांनी मला घरी आणलं. काय भात वाहिलाय मी! हिंदुराव सगळ्यांना सांगायचे, हिच्यासारखी गोणी नाय. मग माझी शिवण उसवली आणि मी दारातलं पायपुसणं झाले. लोक चिखल पुसायचे नि आत जायचे.

पण ऐका ना, खरी मजा तर गेल्या हिवाळ्यात झाली.

हिंदुरावांच्या घरामागे वालाची एक पट्टी आहे. सारखा पिवळा पडायचा तो वाल. समोर नवा टॉवर झालाय, तिथल्या लोकांना गाड्या लावायला जागा हवी होती. हिंदुराव म्हणाले, यंदा वाल धरला नाही तर पट्टी पार्किंगला देऊन टाकतो. त्यांची बायको वेणूबाई हे कसं ऐकेल? थंडीत मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायची, ती ह्याच वालाची. त्यांच्या लग्नापासूनचं आहे ते.

मग सून पुढे आली, तेजस्वी. अंबरनाथ एमआयडीसीत लॅबमध्ये असते ती. तिने पट्टीची माती तपासून घेतली होती, जस्त आणि बोरॉन कमी निघालं होतं. ती म्हणाली, "बाबा, एक हंगाम मला द्या."

"एकच," हिंदुराव म्हणाले.

पेरणीच्या दिवशी तिने मला झटकलं, उलगडलं आणि मांडवाखाली सावलीत पसरलं. थंड गुळाच्या पाण्यात जिवाणूंचं पाकीट कालवलं, वालाच्या बियांना हलक्या हाताने चोळलं आणि बी माझ्यावर सुकत टाकलं. मित्रांनो, पायपुसण्यावर बियाणं! मी तर हवेतच. ती रिक्षा पकडून बदलापूरला जस्त-बोरॉन आणायला गेली.

आणि इकडे वेणूबाईंनी मला धरून ओढत अंगणात, भर उन्हात नेलं की हो! गुळाचं ओलं बी, मुंग्या लागतील म्हणून. मला ओरडता येत असतं ना, तर टॉवरवरचे लोक खाली आले असते.

तेजस्वी परतली ती जागीच थबकली. "आई, ते जिवाणू आहेत. उन्हात मरतात."

"मग सांगायचं ना, बाय. मला काय ते दिसतात?"

नवं पाकीट दुकानात उरलं नव्हतं, शेतातली ओल उडत चाललेली. तेजस्वी खाली बसली आणि मग तिला दिसलं, टॉवरची सावली माझ्या निम्म्या अंगावर आडवी पडली होती. अर्धं बी उन्हात, अर्धं सावलीत! तिने दोन्ही वेगळं केलं. जस्त-बोरॉन सगळ्या पट्टीला दिलं, पण बी दोन भागांत पेरलं. मध्ये खूण म्हणून काठीवर कोणाला टांगलं? मला!

म्हणून मी सगळं बघितलं. उन्हातल्या बियांचा वाल जरा बरा होता, पण फिकटच. सावलीतला हिरवागार, नुसता अंगावर येणारा. एकदा हिंदुरावांनी त्यातलं एक रोप उपटलं, तर मुळांना गाठीच गाठी. त्यांना वाटलं, झालं, रोग आला. तेजस्वीने एक गाठ नखाने फोडली. आत लालसर, जिवंत.

"बाबा, ही त्या जिवाणूंची घरं. हवेतला नत्र धरून झाडाला देतात."

हिंदुरावांनी मुळं परत मातीत दाबली, हात धुतले आणि टॉवरवाल्यांना फोन करून सांगितलं, गाड्या दुसरीकडे लावा. त्या थंडीत पोपटी लागली तेव्हा टॉवरवालेच रांगेत पुढे.

आता मी पायपुसणं नाही. मांडवाखाली घडी घालून असते. बियाणं पसरायची वेळ आली की वेणूबाई स्वतः सावली शोधतात आणि कोणी मला उन्हात ओढलं की ओरडतात, "हळू रे, आत माणसं हायेत."

मित्रांनो, तेवढं तुम्हीही सांभाळा. दिसत नाहीत त्यांच्यासाठीही थोडी सावली ठेवा.