कॅप्टनच्या बायकोचा पाय

नवरा-बायको दोघेही एकाच वेळी आजारी पडले, तर अंथरूण कोणाला मिळतं आणि चहा कोण करतं, हे आपल्यापैकी कोणालाही विचारा. उत्तर शोधायला लांब जावं लागणार नाही, इतकं ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. या जोडप्याच्या घरी तर दोघांचाही पायच दुखत होता. बोलणं मात्र चालायचं ते एकाच पायाचं.

तो चष्म्याच्या दुकानाचा मालक. पहाटे धावणाऱ्यांचा एक गट त्याने जमवला होता आणि गटातले सगळे त्याला ‘कॅप्टन’ म्हणत. बायको शाळेत गणित शिकवायची. त्याच्या आग्रहाखातर ती मैदानावर आली आणि हळूहळू धावण्याच्या प्रेमातच पडली. यंदा दोघांनी गटाबरोबर दूरच्या शहरातल्या मोठ्या मॅरेथॉनला नाव दिलं होतं.

आणि नेमका कॅप्टनचा गुडघा धरला. मग काय विचारता! मलमं आली, पट्टे आले, दुकानात येणारं गिऱ्हाईकसुद्धा सल्ला देऊन जाऊ लागलं. लेक हॉस्टेलवरून रोज फोन करायची, “बाबा, गुडघा कसा आहे?” बायको शाळेतून आली की बर्फाची पिशवी घेऊन त्याच्या पायाशी बसायची. तिच्या स्वतःच्या नडगीतून कळा येत होत्या, पण त्या तिने पायमोज्यात झाकून ठेवल्या होत्या.

रेल्वेत कॅप्टन समोरच्या बाकावर पाय पसरून बसला. बॅगा अर्थातच तिने उचलल्या. उतरताना ती दांडा धरून क्षणभर थांबली.

“काय गं?”

“काही नाही. मुंग्या आल्यात.”

त्याला ते खरं वाटलं. खरं वाटून घेणं सोयीचंही होतं.

मुक्काम त्याच्या थोरल्या बहिणीकडे होता. ताईने हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून उभी हयात काढली होती. ती दारात उभी राहून दोघांना जिना चढताना बघत होती. पुढे कॅप्टन, गुडघ्यावर हात ठेवून उसासे टाकत. मागे दोन्ही हातांत बॅगा घेतलेली बायको, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

“या, लंगडेमहाराज!” ताई म्हणाली. “तुझा गुडघा नंतर बघते. आधी हिला बसू दे.”

“मला काही नाही झालं, ताई.”

“ते मी ठरवते.” ताईने तिचा मोजा खाली केला आणि नडगीवर एका जागी अंगठा टेकवला.

“आई गं!” ती कळवळली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“कधीपासून?”

“महिना होत आला.”

“नुसती पडून असलीस तरी ठणकतं?”

तिने होकारार्थी मान हलवली. कॅप्टन अवाक झाला. “अगं, मला बोलली नाहीस!”

“बोलले होते,” ती शांतपणे म्हणाली. “मैदानावर. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, दुखणं पायात नसतं, डोक्यात असतं. सगळे हसले. मग मीही हसले.”

त्याला ते आठवलं. चेहरा उतरला. “अगं, ते हुरूप यावा म्हणून...”

“आणि तुझं दुखलं तेव्हा ते गुडघ्यात होतं ना रे?” ताईने विचारलं. “का तेही डोक्यात?”

कॅप्टनने गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

“ताई, उद्याचं एवढं धावून घेते,” बायको अजिजीने म्हणाली. “गोळी घेतली की कळतही नाही.”

“तुला कळत नाही. हाडाला कळतं!” ताईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “माझ्या वॉर्डात अशा कितीतरी बायका यायच्या. इतके दिवस काय करत होतीस, असं विचारलं की म्हणायच्या, घरी सांगितलं होतं. सांगितलं होतं! ऐकलं कोणी? आपण बाईच्या सोसण्याचं कौतुक करतो रे. कौतुक केलं की डॉक्टरकडे न्यायला नको.”

दुपारीच तिघं इस्पितळात गेले. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. “उद्या धावला असतात, तर हाड मोडूनच परत आला असतात,” डॉक्टर म्हणाले. पायाला प्लॅस्टर बसलं.

बाहेरच्या बाकावर ती प्लॅस्टरचा पाय पसरून बसली. मग म्हणाली, “सगळ्यांचे डबे भरून मी मैदानावर पोचायचे. घर तुमचं, शाळा मुलांची. हे धावणं तेवढं माझं होतं. तेही गेलं.”

‘पुढच्या वर्षी धावू’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. तिच्या दुःखावर झाकण घालायची घाई आज तरी करायची नाही, एवढं त्याला उमगलं. तो शेजारी नुसता बसून राहिला.

संध्याकाळी गटाचं जेवण होतं; ताईही सोबत आली होती. कॅप्टनच्या जोशपूर्ण भाषणाची सगळे वाट बघत होते. तो उभा राहिला.

“माझ्या बायकोचं हाड चिरलंय,” तो म्हणाला. “तिने मला सांगितलं होतं. मी तुम्हा सगळ्यांना हसवलं. आज विचारतो, कोणाकोणाला दुखतंय? हात वर करा.”

एकही हात हलला नाही. मग त्याने स्वतःचाच हात वर केला. “माझा गुडघा. मी उद्या धावणार नाही.”

थोड्या वेळाने बेकरीवाल्या काकूंचा हात वर गेला. “माझी टाच. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही.” पाठोपाठ बँकेतल्या कॅशियरचा हात, मग आणखी दोन! कॅप्टन ते हात मोजत राहिला. ज्यांना आपण घडवतोय असं तो समजत होता, त्यांची तोंडं त्याने बंद केली होती!

“ऐन वेळी कसला मोडता घालताय, कॅप्टन?” एक ठेकेदार चिडून म्हणाला. “मी तर धावणार!”

“धावा. ज्याला शंका असेल त्याने माझ्या या नर्स ताईला पाय दाखवावा. मी आता कोणालाही सांगणार नाही, की तुझं दुखणं खोटं आहे.”

दुसऱ्या दिवशी ठेकेदार धावला, आणि त्याला काही झालं नाही. बेकरीवाल्या काकू आणि हे दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पहिले धावपटू गेले तेव्हा बायकोने तोंड फिरवलं. त्याने तिची समजूत काढली नाही. आपल्या गटातली माणसं दिसू लागल्यावर मात्र कुबडी वर करून तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडली.

तिचा राग काही एका दिवसात गेला नाही. परतल्यावर कॅप्टन स्वयंपाकघरात शिरला, भांडी घासू लागला. ते तितकं अवघड नव्हतं. अवघड होतं ते तिचं बोलणं मधेच न तोडता शेवटपर्यंत ऐकणं. प्लॅस्टर निघेपर्यंत तेही त्याला थोडंफार जमू लागलं. लेकीच्या फोनवर आता आधी आईच्या पायाची चौकशी होऊ लागली.

वाचकहो, शौर्य आणि सोसणं यांत फरक आहे. शौर्य माणूस स्वतः निवडतो. सोसणं त्याच्यावर घरच्यांच्या बहिरेपणातून लादलं जातं. आपल्या घरातही असं एखादं माणूस असेल, सगळ्यांचं करणारं आणि स्वतःचं कधीच न सांगणारं. आज त्याच्यापाशी बसा आणि विचारा, “तुझं काय दुखतंय?” आणि उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका.