तिसऱ्या टेपमधला मुलगा

मँचेस्टरच्या मराठी मंडळातली निम्मी लग्नं मी जुळवली आहेत, तेव्हा मुलगा कसा पारखायचा हे मला कुणी शिकवू नये. पण १९८७ सालच्या त्या रविवारी आमच्या अजयने माझ्यासमोर जी स्थळं आणली, ती बघून मी कपाळाला हात लावला. हेल्मेट घातलेले तीन अमेरिकन दांडगोबा!

अजय फार्मसिस्ट. सुट्टीच्या दिवशी इथल्या एका हौशी क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळायचा. क्लबाला यंदा स्पॉन्सर मिळाला होता आणि अमेरिकेतल्या कॉलेजातून एक रिसिव्हर आणायचं ठरलं होतं. रिसिव्हर म्हणजे पुढे पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा, एवढं मला ठाऊक होतं, कारण अजयही तेच करायचा. कोचने त्याच्या हातात तीन मुलांच्या खेळाच्या तीन व्हिडिओ टेप दिल्या होत्या. तूच बघ आणि एक निवड, म्हणाला.

"आई, बस ना जरा. तुला इंटरेस्टिंग वाटेल."

"मला भाजी चिरायचीय," म्हणत मी बसले आणि भाजी राहिली बाजूला.

पहिला काय सुसाट पळायचा! पण चेंडू हातात न घेता छातीवर आपटवून धरायचा. "असा निसटतो," अजय म्हणाला. दुसरा अलगद हातात झेलायचा, तोही दर वेळी. मला संशय आला.

"हा कधी चुकतच नाही? अरे, हा तर स्टुडिओत काढलेला फोटो झाला! मेल्यांनी निवडून निवडून दाखवलंय."

तिसऱ्याची मात्र अख्खी मॅच होती. स्थळ बघायला गेले की मी मुलाच्या डिग्र्या ऐकत बसत नाही. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसताना तो काय करतो, ते बघते. म्हटलं, "चेंडू याच्याकडे येत नाही तेव्हा काय करतो ते दाखव."

अजयने रिमोट माझ्याच हातात दिला. मी मागेपुढे करकरून बघितलं. चेंडू दुसऱ्याकडे गेला तरी हा पोरगा जीव तोडून पळायचा, समोरच्याला अंगावर घ्यायचा आणि ज्याने झेलला त्याला वाट करून द्यायचा. रुसवा नाही, फुगवा नाही.

"हाच!" मी टाळीच वाजवली. "डोळे मिटून हो म्हण. छान जोडी जमेल तुमची."

"जोडी नाही, आई. तो माझ्या जागेवर खेळणार. मी राखीव, बेंचवर."

मी रिमोट खाली आपटला. "मग पहिलाच बरा! नाहीतर तिघंही टाकाऊ म्हणून सांग. आणि हा बघ किती किडकिडीत, इथल्या थंडीत टिकेल तरी का?"

"आई, तूच निवडलास ना?" म्हणत तो हसला आणि हॉलमधल्या फोनकडे गेला.

मी दारात उभी राहून ऐकत होते. त्या पोराचे हात कसे, पळताना वळतो कसा, दुसऱ्यासाठी कसा राबतो, सगळं अजय कोचला सांगत होता. एकही गुण त्याने हातचा राखला नाही. वर म्हणाला, त्याला खोली मिळेपर्यंत आमच्याकडेच राहू दे.

चेंडू दुसऱ्याकडे चालला होता आणि माझा मुलगा त्याला वाट करून देत होता. "गाढवा," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.