त्र्यंबकरावांचा आवाज

जबलपूरच्या मदन महल भागातल्या आमच्या मराठी समाजाच्या सभागृहात त्या शनिवारी खुर्च्या कमी पडल्या, तिथेच मला शंका यायला हवी होती. एरवी इथे व्याख्यान ठेवा, वर चहा-चिवडा द्या, तरी पुढच्या दोन रांगा भरत नाहीत. आणि त्या दिवशी लोक भिंतीला टेकून उभे होते, खिडक्यांच्या कठड्यांवर बसले होते. सदर भागातून खास ऑटो करून आलेल्या चौघी बायका पायरीवर पदर सावरत बसल्या होत्या. कशासाठी? तर प्रशिक्षणासाठी. डिजिटल सुरक्षा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वित्तीय देखरेख असे तीन विषय, तीन शनिवार आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र.

प्रशिक्षण देणारे गृहस्थ स्वतःला आचार्य ओजस म्हणवत होते. भगवी कफनी नव्हती, करडा कोट होता. माळेच्या जागी ओळखपत्र लटकत होतं. टेबलावर एक काळी पेटी होती, तिच्यावर निळा दिवा, आणि पेटीचं नाव साक्षी.

"पूर्वी ऋषींपाशी दिव्यदृष्टी होती, आज आपल्यापाशी डेटा आहे," आचार्य म्हणाले. "डेटा म्हणजे काय? कर्म. आणि क्लाउड म्हणजे काय? तुम्हीच सांगा."

मागून कोणीतरी खरोखर 'स्वर्ग' म्हणालं. आचार्यांनी मान डोलावली. मी कपाळाला हात लावला.

मग साक्षी बोलू लागली. तिसऱ्या रांगेतल्या नंदाताईंना तिने नावाने हाक मारली. तुमचं माहेर वरुडचं, आई लहानपणीच गेली, मावशीने वाढवलं, लग्नात मंडपाला आग लागली होती, असं सगळं सांगितलं. नंदाताई रडायलाच लागल्या. त्यानंतर बापूसाहेबांचा नंबर लागला, मग आणखी पाचसहा जणांचा. प्रत्येक वेळी सभागृहातून 'बाप रे' निघायचं आणि पुढचा माणूस आपली पाळी कधी येते म्हणून मान लांब करायचा.

मी कोण ते सांगते. माझं नाव सुहासिनी, वय चौपन्न, लग्न केलेलं नाही, तोंडाची फटकळ. एका सहकारी बँकेत देखरेखीच्या टेबलावर बसते. एखाद्या वृद्ध खातेदाराच्या खात्यातून अचानक मोठी रक्कम निघाली की माझ्या पडद्यावर ती ओळ लाल होते. मी व्यवहार थांबवते, फोन करते, विचारपूस करते. याचं खरंखुरं प्रशिक्षण मी घेतलं आहे. त्यात पेटीबिटी काही नव्हती, नुसती रटाळ पानं होती आणि शेवटी परीक्षा होती. इथे मी आले होते माझ्या थोरल्या बहिणीला, इंदूताईला, सोबत म्हणून. उशिरा आले, नोंदणी केली नाही, मागे दारापाशी नोंदणीच्या टेबलाशेजारी उभी राहिले.

दुसऱ्या शनिवारी साक्षीने मेलेल्या माणसांना बोलतं केलं.

"इंदे," पेटीतून आवाज आला, "गुडघा कसा आहे तुझा?"

तो ताईच्या यजमानांचा, रामकृष्ण भाऊजींचाच आवाज होता. घशात किंचित खर, 'इंदे' म्हणताना शेवटी लांबवणं, सगळं तेच. भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खोटं काहून बोलू? ताई उभी राहिली आणि लहान मुलीसारखी पेटीला उत्तर देऊ लागली. गुडघा दुखतो म्हणाली, जिने चढवत नाहीत म्हणाली. शेवटी आवाज म्हणाला की साक्षीची आजीवन सभासद हो, मग मी रोज सकाळी तुझ्या फोनवर येत जाईन.

परत येताना ऑटोत मी तिला समजवायला गेले. घरापर्यंत बोलत राहिले, आणि जितकं बोलले तितकी ती खिडकीकडे सरकत गेली.

"सुहास, तू काहून एवढी तापून राहिली?" ती एवढंच म्हणाली. "तुला नाही समजणार."

अविवाहित बाईला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं. मी त्या रात्री विचार करत बसले आणि मला दारावरची विनीता आठवली.

नोंदणीच्या टेबलावर ही विनीता बसायची. तिशीची, गोड, नऊवारीतल्या आजीशी नऊवारीतली होऊन बोलणारी. ती पहिला प्रश्न विचारायची, "मूळचे कुठले तुम्ही?" आता जबलपूरच्या मराठी माणसाची गोष्ट अशी आहे की दिवसभर तो हिंदीत भाजी घेतो, हिंदीत भांडतो, नातवंडंही हिंदीत उत्तर देतात. त्याला कोणी मराठीत 'मूळचे कुठले' विचारलं की तो विरघळतो. अमरावती की वर्धा, माहेर कोणाचं, देवक कोणतं, कोण गेलं, कसं गेलं, सगळं ओततो. बँकेला जे सांगायला नको ते तिला सांगतो. मग विनीता म्हणायची, काका, फोन द्या, पंधरा मिनिटांत विषाणू झाडून देते. आणि काका फोनचं कुलूप उघडून द्यायचे. ताईच्या फोनमध्ये भाऊजींनी पाठवलेले आवाजी निरोप होते, दूध आण, दार उघडं ठेव असे, तिने जपून ठेवलेले. माणसाचा एक मिनिटाचा आवाज मिळाला की आता यंत्र त्या आवाजात वाट्टेल ते बोलतं, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

ठीक आहे म्हटलं, तुम्हाला माहेर पाहिजे ना, देते.

आमच्या बँकेचा पहारेकरी बळीराम घमापुरात राहतो. मी त्याला जुन्या फोनवर बोलायला लावलं, 'रांगेत उभे रहा, पासबुक हातात ठेवा, धक्काबुक्की करू नका' असं चांगलं दोन मिनिटं. ते निरोप मी 'अहो' या नावाने साठवले. तिसऱ्या शनिवारी सकाळी विनीतापुढे बसले. नव्यांची नोंदणी चालूच होती, चालतं दुकान कोण बंद करतो? ती म्हणाली, मूळच्या कुठल्या? मी डोळ्याला पदर लावून सांगितलं की आर्वीची, यजमान त्र्यंबकराव, रेल्वेत होते, काविळीने गेले, मला लाडाने सुंद्री म्हणायचे. मग फोन दिला. बळीरामला मी सहाव्या रांगेत आधीच बसवून ठेवलं होतं.

जेवणानंतर निळा दिवा लागला.

"सुंद्री," साक्षी बळीरामच्या आवाजात म्हणाली, "मी त्र्यंबक. तू बारीक झाली. कावीळ वाईट होती गं, पण आता इथे मला काही त्रास नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्या समाजाला माहीत होतं की सुहासिनीला नवरा नाही. मग सहाव्या रांगेतून बळीराम उठला, टोपी काढली आणि अगदी अदबीने बोलला.

"साहेब, आवाज माझा आहे. मी त जिवंत आहो न. मला कावीळ झाली नाही."

सभागृह फुटलं. बापूसाहेब तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी पुढे गेले आणि सगळं उलगडून सांगितलं. दारावरचे प्रश्न, विनीताची वही, पंधरा मिनिटं हातात घेतलेले फोन, आवाजाची नक्कल. विनीताची वही मी उचलून नंदाताईंच्या हातात दिली. वरुड, मावशी, मंडपाला आग, सगळं त्यांच्याच तोंडचं त्यांनी वाचलं. पूर्वीचा बुवा आपली माणसं रांगेत बसवायचा, याने टेबलावर बसवली, एवढाच फरक.

आचार्यांनी काही डगमगून दाखवलं नाही. संशयामुळे सर्व्हर दूषित झाला म्हणाले, कोट झटकला, पेटी उचलली. विनीता मागच्या दाराने आधीच गेली होती. आणि आमचे लोक? निम्मे निमूट उठले. उरलेल्यांनी आचार्यांना गाठलं, पण कशासाठी, तर तीन शनिवार बसलो, आमचं प्रमाणपत्र द्या. हसावं की रडावं ते मला कळेना. मी ताईला शोधलं. ती घरी निघून गेली होती.

मी पोलिसांत अर्ज दिला. त्यांनी तो घेतला, पण ज्याची फसवणूक झाली त्याने समोर यावं म्हणाले. कोणी समोर आलं नाही, लोकांना लाज वाटते.

सोमवारी सकाळी साडेअकराला माझ्या पडद्यावर एक ओळ लाल झाली. खातेदार इंदू, वय अडुसष्ट. मुदतठेव मुदतीआधी मोडलेली, सगळी रक्कम एका प्रशिक्षण संस्थेच्या नावे. मी व्यवहार रोखला. नात्यातलं काम म्हणून साहेबांना सांगितलं. त्यांनी कागद पाहिले, समोरच्या खात्यावर एकही तक्रार नोंदलेली नाही म्हणाले. खातेदार स्वतः हो म्हणाली तर तिचा पैसा आपण अडवू शकत नाही. फोन तूच कर, तुझं तरी ऐकेल.

मी फोन केला. नियमाचे तीन प्रश्न असतात.

"आपण ही रक्कम स्वतःच्या मर्जीने पाठवून राहिल्या का?"

"हो."

"ज्यांना पाठवता त्यांना ओळखता?"

"ओळखते. लबाड आहेत."

"कोणी दबाव आणला आहे का?"

"नाही गं, बाई."

इथे माझा धीर सुटला. नियम गेला चुलीत. "ताई, तुझ्यासमोर सगळं दाखवलं मी. बळीरामला उभं केलं. त्र्यंबकराव कोण होते सांग? कोणीच नव्हते."

मला वाटलं, आता ती रडेल. पण आवाज अगदी शांत होता.

"तुझा नवरा नव्हताच, सुहास. माझा होता."

मग ती म्हणाली की चार वर्षांत कोणी तिला इंदे म्हटलं नाही. सकाळी गोळी घेतली का असं कोणी विचारलं नाही. यंत्र आहे, तिला समजतं, ती काही अडाणी नाही. पण ते विचारतं. मी माझं टेबल ओळखते, माझे नियम ओळखते. मी बटण दाबलं आणि ओळ हिरवी झाली.

तरी सांगते, ऐका. कोणतीही पेटी तुमच्या मनातलं ओळखत नाही. ती बोलली की आधी आठवा, दाराशी आपण कोणाला काय सांगितलं, फोन कोणाच्या हातात दिला. जे आधी दिलेलं नाही ते कोणीही परत सांगू शकत नाही, आणि याला अपवाद मी पाहिलेला नाही. मेलेलं माणूस बोलत नाही. तुमच्या घरी कोणी एकटं असेल तर त्याची विचारपूस तुम्ही करा, म्हणजे ती विकत घ्यायची वेळ त्याच्यावर येणार नाही. मला हे उशिरा सुचलं.

आता मी रोज सकाळी सातला ताईला फोन लावते. बहुतेक वेळा तो व्यस्त असतो.