दट्ट्या दाबला की

नीळकंठ सर एरवी ठणठणीत माणूस. घाटंजीकडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, आवाज असा की शेजारचा वर्गही शिकून जाईल. पण बारावीला तो तपकिरी वायूचा प्रयोग आला, की ते तिसऱ्या बाकाकडे पाठ करून उभे राहायचे.

प्रयोग तसा साधा. तोंड बंद केलेल्या सिरिंजमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड. दट्ट्या दाबला की दाब वाढतो, वायूचे दोन-दोन रेणू जोडून एक बिनरंगी रेणू होतो, समतोल तिकडे सरकतो. रंग फिका पडतो, असं गाईडात छापलेलं, अन् पोरं तेच उतरवतात. सिरिंजकडे बघायचे कष्ट कोण घेतो!

२००६ च्या प्रॅक्टिकलला ममता नावाच्या पोरीनं ते कष्ट घेतले. "सर, हे तं गडद होऊन राह्यलं. मंग थोडं उतरते, पण पयल्यापेक्षा गडदच हाय."

बाहेरून आलेले परीक्षक हसले. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुस्तकापेक्षा शहाणी झालीस का गं?" म्हणत त्यांनी तिला नापास केलं. ममताचं शिक्षण सुटलं. ती मजुरीला लागली, आणि त्याच भादव्यात कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनून दगावली.

तेव्हापासून सरांनी दट्ट्या दाबला, की ममताच्या तिसऱ्या बाकावरून तिचा आवाज यायचा, "सर, गडद होऊन राह्यलं." बाकावर भलतंच पोर मुकाट वही भरत असायचं.

तिसऱ्या वर्षी सहन होईना. सर ममताच्या आईकडे, रुखमाबाईकडे गेले. खरं सांगायची छाती नव्हती. आत्ताच एका नव्या पुस्तकात वाचलं, असं म्हणायचं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

"बाई, ममता बरोबर होती. दाबला की वायू कमी जागेत कोंबला जातो, म्हणून आधी गडद. मग समतोल सरकतो, रंग उतरतो, पण पुरता नाही. तिनं दिसलं तेच सांगितलं होतं."

रुखमाबाई तूर निवडत होती. तिचा हात थांबला. "मास्तर, तुमाले हे कवा समजलं?"

पुस्तकाचं नाव ओठांवर आलं होतं. पण बाईची नजर हलेना, आणि सरांना खोटं बोलवेना.

"त्याच संध्याकाळी. सगळे गेल्यावर मी परत दाबून पाहिलं. मार्कांचं पाकीट सील व्हायचं होतं अजून."

"म्हंजे माही पोरगी जित्ती होती तवाच," रुखमाबाई म्हणाली.