थरथरता हात आणि लाल खुर्ची

मित्रांनो, मी केस कापायच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. माझं बूड लोखंडाचं, पाठ लाल रेक्झिनची आणि डोकं टेकायची उशी दोनदा बदललेली. मला दुकानाचे मालक, मोठे मास्तर यांनी हौसेनं आणलं. ते गेल्यावर दुकान त्यांच्या मुलाकडे, म्हणजे छोट्या मास्तरांकडे आलं. त्यांची थोरली बहीण, ताई, शेजारच्या खोलीत बायकांचे केस कापायची.

छोट्या मास्तरांचा हात इतका हलका की दाढी करून घेताना गिऱ्हाईक माझ्या कुशीत चक्क घोरायला लागायचं. त्यांचं कौतुक झालं की मलाही उगाच ऐट यायची.

एका वर्षी मात्र मास्तरांची झोपच उडाली. थकवा नाही, बोलण्याला खंड नाही. एका सकाळी त्यांनी माझे बोल्ट काढून मला फुटपाथवर मांडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "आता दुकान मोकळ्या हवेत. सगळ्या शहराचे केस मी एकटा कापणार." लोक हसले. मलाही आधी गंमतच वाटली. पण ताई अडवायला आली तेव्हा ते तिच्यावर असे खेकसले की ती कैची हातात धरून तशीच उभी राहिली.

मग तो जोर ओसरला. ताईनं मला पुन्हा आत नेऊन बसवलं. मास्तर मागच्या बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवणाचं ताट झाकलेलंच राहायचं. माझ्यावर धुळीचा थर बसला.

"आळशी झालाय तुझा भाऊ," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"आळशी नाही, आजारी आहे," ताई म्हणाली आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

आजाराचं नाव कळलं, बायपोलर. यात मन कधी भलतंच उधाणतं, कधी पार खचतं. माणसाला ते नुसतं ठरवून आवरता येत नाही.

औषधांनी मास्तर उठले, कामाला लागले. पण त्याच औषधांनी त्यांची बोटं बारीक थरथरू लागली. वस्तरा धरणाऱ्याच्या जिवाला याहून मोठा घोर कुठला? एकदा ते साबण लावत असताना गिऱ्हाईकानं त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि "नंतर येतो" म्हणत तोंड पुसून निघून गेलं. त्या दिवसापासून मास्तरांनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. हात स्थिर झाला, मन मात्र पुन्हा सुटलं. या खेपेला त्यांना दवाखान्यात राहावं लागलं.

परत आले तेव्हा ते स्वतःच माझ्यावर बसले. ताई त्यांचे वाढलेले केस कापू लागली.

"ताई, गोळी घेतली तर हात जातो. नाही घेतली तर मी जातो."

"हाताचं डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. लाज वाटली."

"मला सांगितलंस ना? आता त्यांनाही सांगू."

डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण बदललं. थरथर कमी झाली, पुरती गेली नाही. मास्तरांनी वस्तरा ताईकडे सोपवला. तो खाली ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते. पण कुणी विचारलं तर आता ते सरळ सांगत, "मला बायपोलर आहे, औषध चालू आहे. कैची मी चालवतो, दाढी ताई करते." काहीजण दुसरीकडे गेले. निवृत्त पोस्टमनकाका मात्र ऐसपैस बसून म्हणाले, "माझ्या डोक्यावर केस आहेतच किती? चुकलास तरी कुणाला कळणार?" कितीतरी दिवसांनी मास्तर मनापासून हसले.

मध्यंतरी एका दुपारी केस कापता कापता ते थबकले. हातातलं काम नीट पुरं केलं, कैची ठेवली आणि शेजारच्या खोलीच्या दारात गेले. "ताई, माझी झोप कमी झालीय. आणि मला सगळंच फार सोपं वाटायला लागलंय. डॉक्टरांकडे जाऊया?"

ताईनं काही न विचारता चपला घातल्या. दुखणं वेळीच आवरलं आणि मास्तर लवकरच कामावर आले. या वेळी त्यांना ओढून न्यावं लागलं नव्हतं, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

मित्रांनो, तुमच्या माणसांपैकी कुणी असं उधाणलं किंवा एकाएकी गप्प झालं, तर त्याला वेडा म्हणून हसू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा. त्याच्याजवळ बसा. ताई बसली, म्हणून आज मास्तर माझ्यामागे कैची घेऊन उभे आहेत.